तीन वर्षे शून्य: स्टीव्हन वाइनबर्ग यांच्या अडीच पानी निबंधाचे प्रकरण

१९६७ साली ०. १९६८ साली ०. १९६९ साली ०. १९७० साली १. १९७१ साली ४. १९७२ साली ६४. १९७३ साली १६२.

एका शोधनिबंधाला त्या त्या वर्षी मिळालेल्या सायटेशनचे, म्हणजे इतर निबंधांनी केलेल्या त्याच्या उल्लेखांचे, हे आकडे आहेत. निबंध अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांचा. 'लेप्टॉनांचे एक प्रारूप' अशा अर्थाचे साधेसुधे शीर्षक (लेप्टॉन म्हणजे इलेक्ट्रॉन, म्यूऑन, न्यूट्रिनो अशा कणांचे कुटुंब), २० नोव्हेंबर १९६७चा 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'चा अंक, पाने १२६४ ते १२६६. आकडे लोकांपुढे मांडले ते हार्वर्डच्या सिडनी कोलमन यांनी. १९७९चे नोबेल वाइनबर्ग, अब्दुस सलाम आणि शेल्डन ग्लॅशो यांना जाहीर झाले, तेव्हा 'सायन्स' साप्ताहिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी ही यादी दिली. आज त्याच निबंधाचे उल्लेख दहा हजारांच्या कितीतरी पुढे गेले आहेत आणि कणभौतिकीत सर्वाधिक उल्लेख झालेल्या मोजक्या निबंधांत तो बसतो.

सैद्धांतिक कणभौतिकीतल्या कुणाचेही काम तोलायला बसले की हल्ली पहिल्यांदा उघडते ते सायटेशनचे पान. पेपर किती, उल्लेख किती, एच-इंडेक्स किती. मीही ते पान उघडतोच, उगाच सोवळेपणा कशाला? पण उघडल्यावर त्यात काय दिसते आणि काय दिसत नाही, हे तपासायला वाइनबर्ग यांचा हा निबंध फार सोयीचा आहे, कारण गोष्टीचा शेवट आपल्याला आधीच ठाऊक आहे. समजा, डिसेंबर १९७०मध्ये कुणी हा निबंध तुमच्या टेबलावर ठेवला आणि विचारले, 'याचा प्रभाव किती?' तीन वर्षांत उल्लेख एक. उत्तर काय द्याल?

अडीच पानांत होते काय

त्या साली वाइनबर्ग ३४ वर्षांचे होते आणि बर्कलीहून एमआयटीत पाहुणे म्हणून आले होते. डोके गुंतले होते ते तीव्र बलात, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांना अणुकेंद्रकात बांधून ठेवणाऱ्या बलात. मोडलेल्या सममितीची कल्पना वापरून रो मेसॉन (तीव्र बलाला बांधील एक अल्पायुषी कण) आणि त्याच्या सोबत्यांच्या वस्तुमानांचा मेळ घालायचा त्यांचा प्रयत्न होता आणि गणित काही केल्या बसेना. सममिती नीट पाळली की रो मेसॉनचे वस्तुमान शून्य यायचे आणि प्रयोगात तर ते चांगले भरभक्कम होते. नोबेल व्याख्यानात त्यांनी सांगितले आहे की, बहुधा गाडीने ऑफिसला जाताना, त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला: कल्पना बरोबर आहेत, आपण त्या लावतो आहोत तो प्रश्न चुकीचा आहे. वस्तुमान नसलेला तो कण रो मेसॉन नव्हेच, तो फोटॉन. आणि त्याचे जड भाऊबंद म्हणजे क्षीण बल वाहून नेणारे कण.

क्षीण बल म्हणजे बीटा-ऱ्हासामागचे बल. त्याची आणि विद्युतचुंबकीय बलाची एकत्र मांडणी ग्लॅशो यांनी १९६१मध्येच केली होती. गणिती साचाही तोच होता. अडचण वस्तुमानाची होती. क्षीण बलाचा पल्ला अतिशय तोकडा, म्हणून त्याचे वाहक जड असायला हवेत; पण साचा म्हणतो, वाहकांना वस्तुमान असता कामा नये. ग्लॅशो यांनी वस्तुमान हाताने घातले होते, म्हणजे समीकरणात वरून ठिगळ लावले होते. वाइनबर्ग यांनी १९६४ची हिग्ज, ब्राउट आणि एंग्लेर, तसेच गुराल्निक, हेगन आणि किबल यांची युक्ती आणली. सममिती समीकरणात शाबूत ठेवायची, निर्वाताच्या पातळीवर मोडायची, आणि वस्तुमान त्या मोडण्यातून आपोआप पडू द्यायचे. फोटॉन तसाच वस्तुमानाविना राहतो, क्षीण बलाचे वाहक डब्ल्यू आणि झेड जड होतात.

आकडेही होते. डब्ल्यूचे वस्तुमान निदान ४० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांचे वस्तुमान आणि ऊर्जा याच एककात मोजतात), झेडचे निदान ८०. १९८३मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत हे कण सापडले, तेव्हा ते सुमारे ८० आणि ९१ भरले. शिवाय एक वाक्य असे होते, ज्याकडे त्या काळी कुणाचे लक्ष जायचे कारणच नव्हते: नवा जो अदिश कण आहे (ज्याला आपण आता हिग्ज म्हणतो) तो म्यूऑनशी (इलेक्ट्रॉनच्या जड भावाशी) इलेक्ट्रॉनपेक्षा जास्त जोराने जोडला जाईल, किती जास्त ते दोघांच्या वस्तुमानांच्या गुणोत्तरावरून, म्हणजे सुमारे २०७ पट. हिग्ज कण दोन म्यूऑनांत फुटतो याचा पहिला पुरावा सर्नच्या प्रयोगांतून आला २०२०मध्ये. त्या एका वाक्याला ५३ वर्षे थांबावे लागले.

निबंधाचा शेवट मात्र पुढे आलेल्या कीर्तीला अजिबात शोभणारा नाही. या प्रारूपात मनमानी गोष्टी इतक्या आहेत की ही भाकिते फार गांभीर्याने घेऊ नयेत, असे लेखक स्वतःच लिहितो. मग विचारतो, हे प्रारूप रिनॉर्मलाइझ करता येईल का? उत्तर देत नाही. येत असेल, असा अंदाज तेवढा व्यक्त करतो.

शून्याचा हिशेब

आज मागे वळून 'लोकांना कळले नाही' म्हणणे सोपे आहे. खरे तर लोकांना न वाचण्याची चांगली कारणे होती, आणि ती समजून घेतली की शून्याचा अर्थच बदलतो.

सर्वांत मोठे कारण त्या अनुत्तरित प्रश्नात होते. क्षेत्र सिद्धांतात कुठलीही राशी जरा बारकाईने मोजायला गेले की उत्तर अनंत येते. विद्युतचुंबकीय बलात या अनंतांना इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि वस्तुमान अशा मोजक्या मोजलेल्या राशींत मुरवून टाकता येते, मग उरलेली उत्तरे दशांशचिन्हानंतर कितीतरी घरांपर्यंत प्रयोगाशी जुळतात. याला रिनॉर्मलायझेशन म्हणतात. जड वाहक आले की हे जमत नसे. एक अनंत बुजवावे तो दुसरीकडे दोन उगवत. वाइनबर्ग यांचे प्रारूप यातून सुटणार की नाही, हे कुणालाच माहीत नव्हते. अशा प्रारूपात पहिल्या पायरीचे गणित करता येते, दुसऱ्या पायरीला सगळे कोसळते. ज्याच्यावर पुढचे गणित करता येत नाही, त्याचा उल्लेख तरी कोण आणि कशात करणार?

दुसरे कारण हवेतले होते. साठच्या दशकात क्षेत्र सिद्धांतालाच उतरती कळा लागली होती. तीव्र बलापुढे तो हतबल ठरला होता आणि बर्कलीत जेफ्री च्यू यांच्याभोवतीच्या मंडळींचे म्हणणे होते की क्षेत्रे सोडा, थेट टकरींच्या गणिताचा, एस-मॅट्रिक्सचा विचार करा. १९६८मध्ये गाब्रिएले व्हेनेत्सियानो यांचे सूत्र आले आणि पुष्कळ तरुण तिकडे धावले (त्यातूनच पुढे स्ट्रिंग सिद्धांत निघाला). वाइनबर्ग स्वतः बर्कलीतूनच आले होते, ही गंमत.

तिसरे कारण शीर्षकातच दिसते. लेप्टॉन तेवढे घेतले. प्रोटॉन, न्यूट्रॉन, केऑन वगैरे मंडळी बाहेर. का, तर झेड कण आला की केऑनांचे काही असे ऱ्हास दिसायला हवेत, जे प्रयोगात जवळजवळ दिसतच नाहीत. ही गाठ सोडवली ग्लॅशो, इलिओपुलोस आणि माइआनी यांनी १९७०मध्ये, चौथ्या क्वार्कची कल्पना मांडून. तोवर वाइनबर्ग यांचे प्रारूप अर्ध्या जगाचे होते.

आणि प्रयोगशाळा? सर्नचे मोठे यंत्र तेव्हा २८ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचे, अमेरिकेतल्या ब्रूकहेवनचे ३३चे, तेही स्थिर लक्ष्यावर आदळणारे. ८०चा कण त्यांतून निघणे शक्यच नव्हते.

खुद्द वाइनबर्ग यांनीही या निबंधाचा पिच्छा पुरवला नाही. ते पायॉनांच्या गणितात रमले. विश्वविज्ञान आणि गुरुत्वाकर्षणावर त्यांनी जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिले, ते १९७२मध्ये छापून आले. हे मुद्दाम सांगतो, कारण 'उपेक्षित प्रतिभावंत' असा या गोष्टीचा सिनेमा करण्याचा मोह होतो. वाइनबर्ग उपेक्षित मुळीच नव्हते. त्यांचे इतर काम त्या काळी वाचले जात होते, त्यावर पुढचे काम होत होते, एमआयटीतली प्राध्यापकी त्यांच्याकडे चालत आली. शून्य होते ते या एका निबंधाच्या रकान्यात.

एका विद्यार्थ्याचा उन्हाळा

उट्रेख्ट विद्यापीठात मार्टिनस वेल्टमान हे गृहस्थ त्या पडत्या काळातही क्षेत्र सिद्धांताला चिकटून बसले होते. पानेच्या पाने पसरणारे बीजगणित हाताने तपासणे अशक्य, म्हणून त्यांनी साठच्या दशकातच त्यासाठी एक संगणक प्रोग्राम लिहिला होता. नाव 'स्कूनस्खिप'. त्यांचा विद्यार्थी खेरार्ड ट होफ्ट. १९७१च्या उन्हाळ्यात, पंचविशीत असलेल्या ट होफ्ट यांनी दाखवून दिले की सममिती जर निर्वाताच्या पातळीवर मोडली असेल तर जड वाहकांचे सिद्धांतही रिनॉर्मलाइझ होतात. अनंते मुरतात. म्हणजे वाइनबर्ग यांनी १९६७मध्ये शेवटी टाकलेल्या प्रश्नाचे उत्तर 'हो'.

इथे एक तपशील मला फार आवडतो. वाइनबर्ग यांना ही सिद्धता आधी पटलीच नाही! ट होफ्ट यांनी फाइनमन यांची पाथ-इंटिग्रल पद्धत वापरली होती आणि तिच्याशी वाइनबर्ग यांचा पुरेसा परिचय नव्हता. नोबेल व्याख्यानात त्यांनी हे मोकळेपणाने कबूल केले आहे. बेंजामिन ली या सिद्धांतवाल्याने ती सिद्धता हाती घेतली, आपल्या पद्धतीने तपासली, आणि मग कुठे वाइनबर्ग तिच्याकडे गंभीरपणे वळले. आपल्याच निबंधाचा भाव वधारतो आहे हे खुद्द लेखकाला काही महिने उशिरा कळले.

कोलमन यांची उपमा अशी की, वाइनबर्ग आणि सलाम यांच्या बेडकाचा राजपुत्र झाला तो ट होफ्ट यांच्यामुळे. उपमा गोड आहे, पण तिच्यात एक गफलत आहे असे मला वाटते. बेडूक बदलला नव्हता. १९६७च्या त्या तीन पानांतले एक अक्षरही १९७२मध्ये वेगळे नव्हते. बदलले होते ते वाचणाऱ्याच्या हातातले हत्यार. कालपर्यंत ज्या प्रारूपावर दुसऱ्या पायरीचे गणित करता येत नव्हते, त्यावर आता कुठलाही चांगला पीएचडीचा विद्यार्थी गणित करू शकत होता. ४चे ६४ झाले ते यामुळे.

त्या ६४ उल्लेखांना मान्यता समजणेही चुकीचे ठरेल. १९७२मध्ये झेड कणाचा मागमूस नव्हता. न्यूट्रिनो आदळून न्यूट्रिनोच बाहेर पडतो अशी, झेडमुळे घडायला हवी अशी टक्कर कुणी पाहिलेली नव्हती. उलट ती नसावी असेच जुन्या प्रयोगांवरून वाटत होते. म्हणून हॉवर्ड जॉर्जाय आणि खुद्द ग्लॅशो यांनी त्याच वर्षी झेडविरहित दुसरे प्रारूप मांडले. उल्लेखांच्या लाटेत अनुयायी होते तसे प्रतिस्पर्धीही होते. मोजणीत दोघेही सारखेच, एकेक.

१९७३मध्ये सर्नच्या गार्गामेल बबल चेंबरने निकाल लावला. जवळपास पाच मीटर लांब, फ्रेऑनने भरलेले हे पिंप. न्यूट्रिनोंचा झोत त्यातून जायचा आणि फोटो काढले जायचे. आखेनच्या गटाला एका फोटोत एकुलता एक इलेक्ट्रॉन दिसला: कुठूनही न आलेला, सोबत म्यूऑन नाही, दुसरे काही नाही. अदृश्य न्यूट्रिनोने त्याला धक्का देऊन पुढे जाणे, एवढाच त्या रेषेचा अर्थ लागत होता. जुलै १९७३मध्ये सर्नने निष्कर्ष जाहीर केला. त्यानंतर काही महिने अमेरिकेतल्या फर्मिलॅबच्या गटाचे उत्तर कधी 'हो', कधी 'नाही' असे हेलकावत राहिले, इतके की लोक 'आळीपाळीचे प्रवाह' म्हणून थट्टा करू लागले. १९७४मध्ये तोही घोळ मिटला. १९७८मध्ये स्टॅनफर्डच्या स्लॅक प्रयोगशाळेने इलेक्ट्रॉनांच्या टकरींत डाव्या-उजव्याचा नेमका तेवढाच फरक मोजला, जेवढा या प्रारूपातून निघत होता, आणि पुढच्याच वर्षी नोबेल आले. डब्ल्यू आणि झेड प्रत्यक्ष सापडायला अजून चार वर्षे होती.

पट्ट्या लावून पाहू

आता मोजमापाच्या आजच्या पट्ट्या या निबंधाला लावू.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर मागच्या दोन वर्षांतल्या लेखांच्या उल्लेखांवर ठरतो. १९६७च्या निबंधासाठी मोजायची वर्षे १९६८ आणि १९६९. बेरीज शून्य. म्हणजे 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'च्या इम्पॅक्ट फॅक्टरला या निबंधाने छदामही दिला नाही. उलट भाजकात एकाची भर घालून तो किंचित खालीच ओढला असता. पाच वर्षांची खिडकी घेतली तर ६९ उल्लेख येतात, पण त्यातले ६४ शेवटच्या वर्षातले. चौथ्या वर्षी खिडकी बंद केली असती तर हाती पाच राहिले असते.

कणभौतिकीची स्वतःची नोंदवही आहे. स्लॅकच्या ग्रंथालयातून १९७४मध्ये 'स्पायर्स' सुरू झाली, तिची आजची आवृत्ती 'इन्स्पायर'. या नोंदवहीत निबंधांना उल्लेखांच्या संख्येवरून बिरुदे देण्याची पद्धत होती: शून्य उल्लेख म्हणजे 'अज्ञात', ९ पर्यंत 'कमी ज्ञात', ४९ पर्यंत 'ज्ञात', ९९ पर्यंत 'सुपरिचित', २४९ पर्यंत 'अतिसुपरिचित', त्यापुढे 'प्रसिद्ध', आणि ५०० ओलांडले की 'नामवंत'. कोलमन यांच्या आकड्यांची बेरीज करत गेले तर आपला निबंध १९६९अखेर 'अज्ञात', १९७१अखेर 'कमी ज्ञात', १९७२अखेर एकदम 'सुपरिचित'. मधली 'ज्ञात' ही पायरी वर्षअखेरच्या हिशेबात त्याच्या वाट्याला आलीच नाही.

मग एच-इंडेक्स. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५मध्ये सुचवलेला हा आकडा: किमान ५० उल्लेख असलेले ५० निबंध असतील तर एच ५०. हर्श यांच्या मूळ निबंधातच नावानिशी उदाहरणे आहेत. एडवर्ड विटन ११०, वाइनबर्ग ८८, स्टीफन हॉकिंग ६२. वाइनबर्ग यांच्या ८८मध्ये आपल्या निबंधाचा वाटा किती? एक. त्याला हजारो उल्लेख आहेत त्याऐवजी नेमके ८८ असते, तरी वाटा एकच. १९६९मध्ये हा निबंध एच-इंडेक्सला दिसला नसता कारण तो फार लहान होता. २००५मध्ये दिसला नाही कारण फार मोठा झाला होता. एकाच पट्टीला एकच वस्तू दोन्ही टोकांना अदृश्य व्हावी, हे मला तरी नवलाचे वाटते.

सलाम यांच्या बाजूने पाहिले तर पट्टीचा आणखी एक दोष दिसतो. त्यांनी तीच मांडणी स्वतंत्रपणे केली आणि मे १९६८मध्ये स्वीडनमधल्या एका नोबेल परिसंवादात सादर केली. ती छापली गेली परिसंवादाच्या ग्रंथात, पान ३६७ पासून. नियतकालिकातला निबंध नसला की अनुक्रमणिका बनवणाऱ्यांची पंचाईत होते. कुणी ग्रंथाच्या संपादकाचे नाव देतो, कुणी प्रकाशकाचे, कुणी साल चुकवतो, आणि एकाच कामाचे उल्लेख वेगवेगळ्या नोंदींत विखुरतात. हल्ली ग्लॅशो १९६१, वाइनबर्ग १९६७, सलाम १९६८ हे त्रिकूट एका दमात उल्लेखले जाते, बहुतेक वेळा निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात, मूर्तीकडे न पाहता नमस्कार करावा तसे. मानक प्रारूपावर (मूलकण आणि त्यांच्या बलांच्या आजच्या सर्वमान्य सिद्धांतावर) लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी ती तीन पाने उघडून पाहिली असतील? १९७२च्या ६४मधल्या एकेकाने ती ओळन् ओळ वाचली असावी, असे मी पैजेवर सांगेन. आजच्या हजारो उल्लेखांबद्दल मी पैज लावणार नाही.

लेखकांच्या संख्येचा मुद्दा घाईत उरकतो. वाइनबर्ग यांचा हा निबंध एकट्याचा, आणि त्यांचे पुष्कळसे महत्त्वाचे काम तसेच आहे. हिग्जच्या वस्तुमानावरचा ॲटलस आणि सीएमएस या दोन प्रयोगांचा २०१५चा संयुक्त निबंध ५,१५४ लेखकांचा. दोन्ही ठिकाणी एक उल्लेख म्हणजे प्रत्येक लेखकाच्या खात्यावर एक. सिद्धांतवाला आणि प्रयोगवाला यांची एच-इंडेक्सने तुलना करणे म्हणजे निव्वळ वेळ दवडणे.

योगायोग म्हणावा, तर तो पुन्हा पुन्हा का?

एक निबंध झोपला आणि जागा झाला, याला अपवाद म्हणता येईल. ग्रंथमापनवाल्यांनी अशा निबंधांना 'निद्रिस्त सुंदरी' असे नावही देऊन ठेवले आहे. पण वाइनबर्ग यांच्या यादीत तीच चाल पुन्हा दिसते. १९७९मध्ये त्यांनी एका छोट्या निबंधात दाखवले की मानक प्रारूपाच्या क्षेत्रांतूनच न्यूट्रिनोला इवलेसे वस्तुमान देणारे एक पद बनते, आणि त्या पायरीवर बनू शकते ते तेवढे एकच. तेव्हा न्यूट्रिनोला वस्तुमान असल्याचा पुरावा नव्हता. तो जपानमधल्या सुपर-कामिओकांडेकडून १९९८मध्ये आला. १९८७मध्ये त्यांनी लिहिले की विश्वस्थिरांक (रिकाम्या अवकाशाची ऊर्जा सांगणारा आकडा) फार मोठा असता तर दीर्घिका घडल्याच नसत्या, तेव्हा तो शून्य असण्याची सक्ती नाही, ठरावीक मर्यादेत असला की पुरे. बहुतेकांना तो शून्यच असेल असे वाटत होते. १९९८मध्ये अतिदूरच्या सुपरनोव्हांनी विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे दाखवले आणि स्थिरांक शून्य नसल्याची चिन्हे दिसली. गुरुत्वाकर्षणाचा क्षेत्र सिद्धांत 'असिम्प्टॉटिक सेफ्टी'च्या वाटेने (म्हणजे अत्युच्च ऊर्जेलाही सिद्धांत ताळ्यावर राहतो असे दाखवून) सावरता येईल, ही त्यांची सत्तरच्या दशकातली सूचना तर नव्वदच्या दशकाअखेर मार्टिन रॉयटर यांनी नवे गणिती साधन आणले तेव्हा पुन्हा हालली.

तिन्ही ठिकाणी घटना सारखी आहे. निबंध जागच्या जागी, बाहेरून कुणीतरी हत्यार आणतो किंवा मोजणी आणतो, आणि वक्र उसळतो. सैद्धांतिक कणभौतिकीत सायटेशनचा आलेख हा मुख्यतः इतरांच्या तयारीचा आलेख असतो, असे मी म्हणतो ते यावरून. अर्थात दर शून्यामागे वाइनबर्ग दडलेला नसतो. बहुतेक शून्ये शून्यच असतात, आणि एकही उल्लेख न मिळालेल्या निबंधाच्या लेखकाने १९६७चा दाखला द्यायला सुरुवात केली की मी सावध होतो.

उलट दिशेचे उदाहरणही याच क्षेत्रातले. १५ डिसेंबर २०१५ रोजी सर्नच्या दोन्ही प्रयोगांनी सांगितले की दोन फोटॉनांच्या मोजणीत ७५० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास थोडासा उंचवटा दिसतो आहे. सांख्यिकीदृष्ट्या कच्चा, हे त्यांनीही सांगितले. सिद्धांतवाले तुटून पडले. पहिले निबंध त्याच रात्री अर्काइव्हकडे (छपाईआधीचे निबंध ठेवण्याच्या ऑनलाइन संग्रहाकडे) रवाना झाले आणि पुढच्या काही महिन्यांत संख्या सुमारे ५००वर गेली. प्रत्येक नवा निबंध आधीच्या सगळ्यांचा उल्लेख करी, त्यामुळे सुरुवातीला आलेल्यांच्या खात्यांवर बघता बघता शेकडो उल्लेख जमले. ऑगस्ट २०१६मध्ये शिकागोच्या परिषदेत नवी मोजणी आली आणि उंचवटा सपाट झाला. कण नव्हताच. उल्लेख मात्र पुसले जात नाहीत. ते आजही त्या त्या लेखकांच्या एच-इंडेक्समध्ये इमानदारीने मोजले जातात.

ते लेखक लबाड होते असे मला म्हणायचे नाही. त्यांच्यात उत्तम माणसे होती, आणि अस्तित्वात नसलेल्या कणासाठी शिकलेले गणित दुसरीकडे उपयोगी पडते. पण पहिल्या आठ महिन्यांच्या खिडकीतून पाहिले असते तर त्यांचे काम वाइनबर्ग यांच्या कामापेक्षा शेकडो पटींनी प्रभावी दिसले असते.

म्हणून एखाद्या सिद्धांतवाल्याचे पान समोर आले की बेरजेकडे मी शेवटी पाहतो. आधी वक्र: निबंध कधी चढला, आणि त्या वर्षी बाहेर काय घडले? मग उल्लेख करणाऱ्यांपैकी पाच-सहा निबंध उघडून बघतो. नाव पहिल्या परिच्छेदातल्या गर्दीत आहे, की मधल्या एखाद्या समीकरणाशेजारी? समीकरणाशेजारचा एक उल्लेख मला गर्दीतल्या वीसांहून जड वाटतो. याला तासाभराचा वेळ लागतो आणि त्यातून कोष्टकात भरण्याजोगा आकडा निघत नाही, ही अडचण मान्यच आहे.

वाइनबर्ग २३ जुलै २०२१ रोजी ऑस्टिनमध्ये वारले. त्याच्या दीड वर्ष आधी, जानेवारी २०२०मध्ये, ८६व्या वर्षी, त्यांनी अर्काइव्हवर एकट्याच्या नावावर एक निबंध टाकला होता. शीर्षक 'लेप्टॉन आणि क्वार्क वस्तुमानांची प्रारूपे' अशा अर्थाचे. १९६७मध्ये त्यांनी वाहकांच्या वस्तुमानांचे कोडे सोडवले, पण इलेक्ट्रॉनचे वस्तुमान एवढे लहान का, हे तसेच सोडून दिले होते; तो आकडा त्यांनीही हातानेच घातला होता. ५२ वर्षांनी ते तिथे परतले होते. फक्त सर्वांत जड पिढीला थेट वस्तुमान मिळते आणि हलक्या पिढ्यांना ते पुढच्या पायऱ्यांच्या दुरुस्त्यांतून पाझरते, अशी कल्पना त्यात आहे. सारांशाच्या शेवटच्या वाक्यात ते लिहितात की निरनिराळ्या कारणांनी ही प्रारूपे अद्याप वास्तवाला धरून नाहीत.